संगणकावरील डेटाबेस-जोडणीच्या नोंदी काढून टाकण्याची पद्धती

संगणकावरील एखादा प्रोग्राम दूरच्या डेटाबेसाशी संबंध जोडतो, तेव्हा त्या डेटाबेसाचा संपूर्ण पत्ता त्याच्यापाशी असतोच असे नाही. पुष्कळदा त्याला केवळ एक नाव ठाऊक असते. ते नाव तो उच्चारतो, आणि त्या नावाखाली संगणकात जी नोंद असेल तिच्यावरून पुढील जोडणी घडून येते. विंडोज प्रणालीत अशा नोंदीस डीएसएन, म्हणजे डेटास्रोताचे नाव, अशी संज्ञा रूढ आहे.

प्रयोगशाळेत किंवा विभागाच्या कार्यालयात अशा नोंदी वर्षानुवर्षे साठत जातात. जुना सर्व्हर निवृत्त होतो, संशोधनप्रकल्प संपतो, विद्यार्थी पदवी घेऊन जातात. नोंदी मात्र जागच्या जागी राहतात. त्या काढून टाकण्याचे काम वरकरणी क्षुल्लक भासते, आणि एका ओळीच्या आज्ञेने ते होतेही. तथापि या कामात एक धोका आहे. नोंद काढल्यावर तिच्यावर अवलंबून असलेला प्रोग्राम अडेल आणि चूक तत्काळ ध्यानात येईल, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात कधी कधी तो अडत नाही. तो निमूटपणे दुसऱ्याच डेटाबेसातून आकडे आणू लागतो. ज्यांचे निष्कर्ष अशा आकड्यांवर उभे असतात, त्यांना ही गोष्ट नीट समजून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात या नोंदींची रचना, त्या काढण्याची आज्ञा आणि त्याविषयी बाळगावयाची दक्षता यांचे विवरण केले आहे. आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर ती अर्थातच रोमन लिपीत लिहावी लागतात.

१. नोंदीचे स्वरूप

निरनिराळ्या डेटाबेसांशी एकाच रीतीने बोलता यावे यासाठी मायक्रोसॉफ्टने १९९२ साली ओडीबीसी ही व्यवस्था प्रचारात आणली. तिचा पाया 'एसक्यूएल ॲक्सेस ग्रुप' या मंडळाने आखलेल्या आराखड्यावर होता, आणि पुढे १९९५ साली त्याच धर्तीच्या आराखड्यास आंतरराष्ट्रीय प्रमाणाचे स्थान मिळाले. या व्यवस्थेत चार घटक आहेत. पहिला, माहिती मागणारा प्रोग्राम; दुसरा, ड्रायव्हर मॅनेजर; तिसरा, विशिष्ट डेटाबेसाची भाषा जाणणारा ड्रायव्हर; आणि चौथा, प्रत्यक्ष डेटाबेस. प्रोग्राम नाव सांगतो. ड्रायव्हर मॅनेजर त्या नावाची नोंद शोधतो, तीत सांगितलेला ड्रायव्हर स्मृतीत आणतो आणि पुढील व्यवहार त्याच्यावर सोपवितो.

१६-बिट विंडोजच्या काळी या नोंदी 'ओडीबीसी.आयएनआय' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत असत. पुढे त्या रजिस्ट्रीत गेल्या. परंतु तेथील शाखेस आजही तेच जुने नाव आहे. या शाखेत प्रत्येक नोंद दोन ठिकाणी उमटते, हे विशेष लक्षात ठेवावयास हवे. 'ओडीबीसी डेटा सोर्सेस' नावाच्या यादीत डीएसएनचे नाव व त्याच्या ड्रायव्हरचे नाव असते. शिवाय त्या डीएसएनच्या नावाची एक स्वतंत्र उपशाखा असते, आणि तीत ड्रायव्हरच्या फाइलीचा मार्ग, सर्व्हरचे नाव, डेटाबेसाचे नाव इत्यादी तपशील असतो. ग्रंथालयातील तालिकापत्र आणि कपाटातील ग्रंथ यांच्यात जो संबंध, तोच येथे यादी व उपशाखा यांच्यात आहे.

यावरून एक गोष्ट उघड होते. रजिस्ट्री उघडून हाताने काटछाट करणारा मनुष्य यांपैकी एकच भाग काढण्याचा संभव असतो. उपशाखा काढली व यादीतील नाव राहिले, तर नोंद यादीत दिसते पण तिला आधार नसतो. याउलट यादीतील नाव काढले व उपशाखा राहिली, तर नोंद नाहीशी झाली असे वाटते. प्रत्यक्षात तिचा सर्व तपशील यंत्रात शिल्लक असतो. काही ड्रायव्हर या तपशिलात पासवर्डही लिहून ठेवतात. पोस्टग्रेएसक्यूएल व मायएसक्यूएल यांच्या ड्रायव्हरांत तसे होऊ शकते; मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा ड्रायव्हर मात्र पासवर्ड नोंदीत ठेवत नाही. म्हणून दोन्ही भाग एकाच वेळी काढणारे अधिकृत साधन वापरणे श्रेयस्कर होय.

२. एक नाव, अनेक स्थाने

नोंदींचे तीन प्रकार आहेत. वापरकर्त्याची नोंद रजिस्ट्रीच्या 'करंट यूजर' शाखेत असते व ती त्या वापरकर्त्यापुरतीच असते. यंत्राची नोंद 'लोकल मशिन' शाखेत असते व त्या यंत्रावरील सर्वांना उपलब्ध असते. तिसऱ्या प्रकारात रजिस्ट्रीचा संबंध नाही. तेथे नोंद म्हणजे 'डीएसएन' हे उपनाम असलेली एक मजकुराची फाइल असते.

६४-बिट विंडोज आल्यावर दुसऱ्या प्रकाराचे आणखी दोन पोटभेद झाले. ६४-बिट प्रोग्रामांसाठी असलेल्या यंत्रनोंदी मूळ शाखेत राहिल्या. ३२-बिट प्रोग्रामांसाठीच्या नोंदी 'वॉव६४३२नोड' या वेगळ्या शाखेत गेल्या. एका प्रकारच्या प्रोग्रामास दुसऱ्या प्रकारच्या यंत्रनोंदी दिसत नाहीत. वापरकर्त्याच्या नोंदी मात्र विभागल्या गेल्या नाहीत. त्या दोहोंना सामाईक आहेत. या नोंदींची व्यवस्था पाहणाऱ्या खिडकीचीही दोन रूपे आहेत, आणि त्या दोन्ही फाइलींचे नाव 'ओडीबीसीएडी३२' हेच आहे. त्यांतील ६४-बिट रूप 'सिस्टिम३२' या फोल्डरात असते व ३२-बिट रूप 'सिसवॉव६४' या फोल्डरात असते. नावांवरून तर्क करणारा येथे नेमका उलट निष्कर्ष काढील.

सारांश, एकाच संगणकावर एकाच नावाच्या तीन रजिस्ट्री-नोंदी एकाच वेळी नांदू शकतात : एक वापरकर्त्याची, एक ६४-बिट यंत्राची व एक ३२-बिट यंत्राची. त्या तिन्ही तीन भिन्न डेटाबेसांकडे बोट दाखवीत असल्या तरी प्रणालीची त्यास हरकत नसते. अशा वेळी ड्रायव्हर मॅनेजर प्रथम वापरकर्त्याची नोंद पाहतो. ती सापडली, तर यंत्राच्या नोंदीकडे तो वळत नाही. म्हणजे वापरकर्त्याची नोंद त्याच नावाच्या यंत्रनोंदीस झाकून टाकते.

३. नोंद काढण्याची आज्ञा

विंडोजमध्ये आज्ञा लिहून कामे करण्यासाठी पॉवरशेल हे साधन २००६ साली उपलब्ध झाले. त्यातील आज्ञांची नावे क्रियापद व नाम यांच्या जोडीने बनतात. ओडीबीसीच्या नोंदींसंबंधीच्या आज्ञा २०१२ साली, विंडोज ८ व विंडोज सर्व्हर २०१२ यांच्यासमवेत आल्या. त्यांत नोंदी पाहणारी 'गेट', नवी करणारी 'ॲड', बदलणारी 'सेट' आणि काढून टाकणारी 'रिमूव्ह' अशी चार क्रियापदे असून चोहोंचे नाम 'ओडीबीसीडीएसएन' हेच आहे. त्यापूर्वी हेच काम करावयाचे तर प्रोग्राम लिहून 'एसक्यूएलकॉन्फिगडेटासोर्स' हे फंक्शन बोलवावे लागे. त्यास द्यावयाच्या अंकांत वापरकर्त्याची नोंद काढण्यासाठी ३ व यंत्राची नोंद काढण्यासाठी ६ हे निराळे अंक ठरविलेले होते. म्हणजे कोणत्या स्थानची नोंद काढावयाची, हे स्पष्ट सांगण्याची आवश्यकता तेव्हाही होती.

काढण्यापूर्वी पाहणे ही या कामाची पहिली पायरी होय. 'परीक्षा' या नावाची नोंद काढावयाची आहे असे समजू. प्रथम पुढील आज्ञा द्यावी :

गेट-ओडीबीसीडीएसएन -नेम "परीक्षा" -डीएसएनटाइप "ऑल" -प्लॅटफॉर्म "ऑल"

या आज्ञेने त्या नावाच्या सर्व रजिस्ट्री-नोंदी समोर येतात. प्रत्येकीबरोबर तिचा प्रकार, तिचा ३२ किंवा ६४-बिट भेद, ड्रायव्हरचे नाव व गुणांचा संच दिसतो. या संचातील सर्व्हर व डेटाबेस यांची नावे वाचून कोणती नोंद कोठे नेते याचे टिपण करावे. त्यानंतरच पुढील आज्ञा द्यावी :

रिमूव्ह-ओडीबीसीडीएसएन -नेम "परीक्षा" -डीएसएनटाइप "सिस्टिम" -प्लॅटफॉर्म "६४-बिट"

नाव व प्रकार सांगणे येथे आवश्यक आहे. बिट-भेद न सांगताही आज्ञा चालते. परंतु तो प्रत्येक वेळी लिहिण्याची सवय ठेवावी. न लिहिलेल्या गोष्टीविषयी यंत्राने काय मानले असेल याचा तर्क करीत बसण्यापेक्षा चार अक्षरे अधिक लिहिणे बरे. यंत्राची नोंद काढण्यास प्रशासकाचे अधिकार लागतात. वापरकर्त्याची स्वतःची नोंद काढण्यास ते लागत नाहीत.

अनेक नोंदी एकदम काढावयाच्या असतील, तर 'गेट' या आज्ञेने निवडलेल्या नोंदी उभ्या रेघेच्या चिन्हाने सरळ 'रिमूव्ह' या आज्ञेकडे पाठविता येतात. एखाद्या निवृत्त ड्रायव्हरच्या सर्व नोंदी, किंवा एखाद्या निवृत्त सर्व्हरकडे जाणाऱ्या सर्व नोंदी, अशी निवड यात करता येते. निवड नावावरून करण्यापेक्षा सर्व्हरच्या पत्त्यावरून करणे अधिक विश्वसनीय. 'परीक्षा' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नोंदी म्हटल्या की 'परीक्षा_जुनी' बरोबर 'परीक्षा_चालू' हीही जाळ्यात सापडते. यास्तव उभी रेघ व तिच्यापुढील भाग न लिहिता आज्ञा एकदा चालवावी, आलेली यादी डोळ्यांखालून घालावी, आणि मगच ती पूर्ण करावी.

काढलेली नोंद परत आणण्याची कोणतीही सोय या आज्ञेत नाही. म्हणून आधी 'रेग एक्स्पोर्ट' या आज्ञेने संबंधित रजिस्ट्री-शाखेची प्रत फाइलीत उतरवून घ्यावी. या प्रतीत पासवर्ड असण्याचा संभव असल्यामुळे ती सामाईक फोल्डरात ठेवू नये, आणि काम सिद्धीस गेल्यावर नष्ट करावी. फाइल-स्वरूपाच्या नोंदी या आज्ञांच्या कक्षेत येत नाहीत. त्या शोधून साध्या फाइलीप्रमाणेच काढाव्या लागतात.

४. झाकलेल्या नोंदीचे उदाहरण

आता प्रारंभी उल्लेखिलेल्या धोक्याकडे वळू. समजा, एका विभागातील संगणकावर २०१९ साली 'परीक्षा' या नावाची ३२-बिट यंत्रनोंद केली गेली, आणि ती त्या वर्षीच्या डेटाबेसाकडे नेते. पुढे नवा डेटाबेस आला. तेव्हा एका संशोधकाने आपल्या खात्यात त्याच नावाची वापरकर्ता-नोंद केली व ती नव्या डेटाबेसाकडे वळविली. त्याचे सर्व प्रोग्राम नव्या डेटाबेसातून आकडे आणू लागले. जुनी यंत्रनोंद झाकली गेली, आणि ती तेथे आहे याचे स्मरणही कोणास राहिले नाही.

काही वर्षांनी साफसफाईच्या हेतूने कोणी वापरकर्त्याच्या सर्व नोंदी काढणारी आज्ञा चालवितो. आज्ञा बिनतक्रार पार पडते. यानंतर त्या संशोधकाने ६४-बिट सांख्यिकी प्रोग्राम चालविला, तर ड्रायव्हर मॅनेजरास त्या प्रोग्रामास वापरता येईल अशी नोंद सापडत नाही. जोडणी होत नाही व त्रुटी येते. ही त्रुटी इष्टच मानली पाहिजे, कारण ती मनुष्यास थांबविते.

परंतु त्याच संशोधकाचा तक्ते करणारा प्रोग्राम ३२-बिट असेल तर काय होईल? त्यास वापरकर्त्याची नोंद सापडत नाही. मग तो ३२-बिट यंत्रनोंदींकडे वळतो, आणि तेथे २०१९ची नोंद उभीच असते. जोडणी यशस्वी होते. कोष्टकांची नावे तीच, स्तंभांची नावे तीच. आकडे मात्र जुने. सरासरी निघते, आलेख उमटतो, आणि कोणतीही त्रुटी दिसत नाही. जो प्रोग्राम अडला त्याची दुरुस्ती त्याच दिवशी होईल. जो चालू राहिला त्याचे आकडे प्रबंधात जातील. नोंद काढण्यापूर्वी त्या नावाच्या सर्व नोंदी पाहाव्या, असा आग्रह वर धरला आहे तो याच कारणाने.

हीच गोष्ट लिनक्सवरही घडू शकते. तेथे प्रचलित असलेल्या युनिक्सओडीबीसी या व्यवस्थेत वापरकर्त्याच्या नोंदी त्याच्या घर-फोल्डरातील एका लपविलेल्या फाइलीत असतात, आणि यंत्राच्या नोंदी बहुधा 'ईटीसी' फोल्डरातील फाइलीत असतात. साधने निराळी असली तरी एका नावाच्या दोन नोंदी तेथेही संभवतात, आणि पाहण्याची सावधगिरी तेथेही घ्यावी लागते.

५. न दिसणाऱ्या आणि परत येणाऱ्या नोंदी

अनेक संगणकांवर एकाच ठिकाणाहून आज्ञा पाठविणाऱ्या व्यवस्थापकास आणखी दोन अडचणी येतात.

पहिली अडचण 'करंट यूजर' या शब्दांच्या अर्थाची आहे. यातील वापरकर्ता म्हणजे खुर्चीवर बसलेला मनुष्य नव्हे. ज्याच्या खात्याखाली आज्ञा चालते तो होय. प्रशासकाने स्वतःच्या खात्यातून वापरकर्ता-नोंदी काढल्या, तर त्या त्याच्या स्वतःच्या जातात. केंद्रीय साधनांनी पाठविलेली आज्ञा पुष्कळदा 'सिस्टिम' या यंत्राच्या खात्याखाली चालते. त्या खात्याच्या वापरकर्ता-नोंदी बहुधा नसतातच. परिणामी आज्ञेस काढण्याजोगे काही सापडत नाही, आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी जशाच्या तशा राहतात. यावर सरळ उपाय असा, की वापरकर्ता-नोंदी काढणारा आज्ञालेख प्रत्येकाच्या प्रवेशसमयी त्याच्याच खात्यातून चालावा. दुसरा उपाय, प्रत्येक वापरकर्त्याची 'एनटीयूजर.डॅट' ही फाइल रजिस्ट्रीत तात्पुरती जोडून तेथील नोंदी काढण्याचा. यात अधिकृत आज्ञेचे साहाय्य मिळत नाही. यादीतील नाव व उपशाखा हे दोन्ही भाग स्वतः काढावे लागतात आणि काम होताच ती फाइल विलग करावी लागते.

दुसरी अडचण काढलेली नोंद परत येण्याची. मोठ्या संस्थांत विंडोजच्या ग्रुप पॉलिसीद्वारा अशा नोंदी सर्व संगणकांवर निर्माण केल्या जातात. पॉलिसीची उजळणी सामान्यतः दर ९० मिनिटांनी होते, आणि तीत ३० मिनिटांपर्यंतची भर पडू शकते. मूळ पॉलिसीत नोंद करण्याचा नियम कायम असेल, तर दुपारी काढलेली नोंद सायंकाळी पुन्हा उगवते. अशा वेळी आज्ञेस दोष देण्यात अर्थ नाही. पॉलिसीतील नियमच बदलला पाहिजे. किंबहुना नोंद काढण्याचा नियमही तेथेच करता येतो, आणि शेकडो संगणकांसाठी तोच मार्ग सुकर ठरतो.

६. नोंद काढल्याने साधते काय?

नोंद काढणे म्हणजे या यंत्रावरील एका नावाचा अर्थ पुसणे. याहून अधिक काही त्यातून साधत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

पहिली गोष्ट, चालू असलेली जोडणी नोंद काढल्याने तुटत नाही. नोंद वाचली जाते ती जोडणीच्या प्रारंभी. म्हणून नोंद काढल्यावर परीक्षा पाहावयाची ती प्रोग्राम पूर्णपणे बंद करून व पुन्हा उघडून. दुसरी गोष्ट, एक्सेलच्या वह्यांत किंवा ॲक्सेसच्या जोडकोष्टकांत जोडणीचा मजकूर त्या फाइलीतच साठविलेला असतो. त्यात डीएसएनऐवजी सर्व्हरचा संपूर्ण पत्ता असेल, तर नोंद असो वा नसो, ती फाइल पूर्ववत् काम करीत राहते. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट, सर्व्हरवरील खाते आणि त्याचा पासवर्ड यांस या आज्ञेने स्पर्शही होत नाही. नोंदीत पासवर्ड लिहिलेला होता असे आढळले, तर नोंद पुसणे पुरेसे नाही. कारण तो कोणी आधीच वाचलेला असू शकतो. अशा वेळी सर्व्हरवरील पासवर्ड बदलावा, आणि प्रकल्प संपला असेल तर ते खातेच बंद करावे.

७. पडताळा

काम झाल्यानंतरच्या पडताळ्याचे तीन भाग आहेत. प्रथम 'गेट' ही आज्ञा सर्व प्रकारांसाठी पुन्हा चालवून नोंद गेली याची खात्री करावी. नंतर प्रत्यक्ष वापरकर्त्याच्या खात्यातून, प्रत्यक्ष प्रोग्राम उघडून जोडणी करून पाहावी. तेथे 'आयएम००२' ही त्रुटी आली म्हणजे त्या प्रोग्रामापुरते नाव खरोखर रिकामे झाले. या ऐवजी 'आयएम०१४' ही त्रुटी आली तर प्रोग्राम व ड्रायव्हर यांचा बिट-भेद जुळत नाही असा तिचा अर्थ आहे; म्हणजे त्या नावाची एखादी नोंद अद्याप शिल्लक आहे. जोडणी यशस्वी झाली तर तिसरी पायरी घ्यावी, ती म्हणजे सर्व्हरलाच त्याचे नाव विचारण्याची. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्याचे व डेटाबेसाचे नाव सांगणारी फंक्शने आहेत, आणि इतर डेटाबेसांतही तशी सोय आढळते. आपण कोणाशी बोलत आहो हे नोंदीच्या नावावरून कळत नाही. त्याविषयी सर्व्हरने दिलेले उत्तरच ग्राह्य धरावे.

हा अखेरचा उपाय नोंदी काढण्याच्या प्रसंगापुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. संशोधनासाठी आकडे उतरवून घेणाऱ्या प्रत्येक आज्ञालेखात सर्व्हरचे नाव, डेटाबेसाचे नाव व दिनांक विचारून ती उत्तरे फलिताबरोबरच नोंदविण्याची तजवीज करावी. त्यास दोन-तीन ओळींहून अधिक श्रम पडत नाहीत. पुढे कोणत्याही कोष्टकाविषयी शंका उपस्थित झाली, तर ते आकडे कोणत्या डेटाबेसातून आले याचा निर्णय त्या दोन-तीन ओळींवरून करता येतो, आणि त्यासाठी कोणाच्या स्मरणावर विसंबण्याची वेळ येत नाही.